दारावरचे लिंबू आणि शेजारीण

आमच्या धर्मग्रामात सध्या दोन पक्ष पडले आहेत आणि फादरांनी आपल्या बाजूने कौल द्यावा असे दोघांनाही वाटते. (कौल हा शब्द गावदेवाच्या गाभाऱ्यातून आलेला, पण तो मराठीत इतका मुरला आहे, की त्याला बाहेर काढण्याची आमची इच्छा नाही.) पहिला पक्ष तरुणांचा. प्रार्थना-मंडळातील या उत्साही मुलांनी गेल्या पावसाळ्यात हिंजवडीपासून कासारसाईपर्यंतच्या आपल्या कुटुंबांच्या भेटी घेतल्या, आणि जिथे म्हणून कुंडीत तुळस, चौकटीला उलटी टांगलेली कोरफड किंवा परसात रुई दिसली, तिथे ती उपटून टाकण्याचा आग्रह धरला. दोन घरी तर त्यांनी ती स्वतःच्या हातांनी उपटली. दुसरा पक्ष जाणत्या नोकरदारांचा. ही आपली संस्कृती आहे, बायाबापड्यांचा निरुपद्रवी विरंगुळा आहे, शिवाय त्यामागे काही शास्त्र आहे, तेव्हा चर्चने त्यात नाक खुपसू नये, असे त्यांचे म्हणणे.

आमचा कौल दोघांच्याही विरुद्ध आहे. तरुणांनी नको ते उपटले आणि जाणत्यांनी नको त्याची वकिली केली. खरी उपटण्याची वस्तू कुंडीत नव्हतीच.

कासारसाई हे मुळशी तालुक्यातील गाव. एका अंगाला धरणाचे पाणी, दारुंब्र्याच्या शिवेला संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आणि पूर्वेकडे हिंजवडीच्या काचेच्या इमारती. सुटीच्या दिवशी धरणाकाठी शहरी मंडळींचे तंबू लागतात. गळिताच्या हंगामात ऊसतोड्यांच्या कोपी उभ्या राहतात. आणि या दोहोंच्या मध्ये जुने गावकरी, चाळीतील भाडेकरू, नव्या सदनिकांतील संगणक-अभियंते अशी सरमिसळ वस्ती आहे. आपली बरीच कुटुंबे अहिल्यानगर जिल्ह्यातून, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरातून, रोजगारासाठी इकडे आलेली. श्रद्धेची शिदोरी त्यांनी गावाकडून आणली. तिच्याबरोबर इतरही काही गाठोड्यात आले.

या रस्त्याने एखाद्या शनिवारी सकाळी जाऊन पाहावे. कोपीतील झोळीत निजलेल्या तान्ह्याच्या मनगटाला काळ्या दोऱ्यात वेखंडाचा तुकडा बांधलेला असतो आणि उशाशी विळा ठेवलेला असतो. बाळंतिणीच्या दाराला कडुनिंबाचे डहाळे. दुकानाच्या फळीला एक लिंबू, सात मिरच्या आणि मध्ये एक बिब्बा अशी माळ. गेल्या शनिवारची सुकलेली माळ रस्त्याच्या मध्यभागी टाकलेली, आणि ती ओलांडायची नाही म्हणून दुचाकीस्वार तिला वळसा घालताना समोरून येणाऱ्या ट्रकच्या अंगावर जातो. माती उकरणाऱ्या यंत्राच्या दातांना लिंबू, बारा मजल्यांच्या अर्धवट इमारतीला काळी बाहुली, नव्या घराच्या तुळईला लाल कापडात गुंडाळलेला कोहळा. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी तिठ्यावर हळदकुंकू वाहिलेला उतारा. अडाण्यांचाच हा प्रांत आहे असे कुणी समजू नये. ८ ऑक्टोबर २०१९ रोजी फ्रान्समध्ये आपल्या संरक्षणमंत्र्यांनी राफेल हे लढाऊ विमान स्वीकारले, तेव्हा त्याच्या चाकांखालीही लिंबे ठेवलेली साऱ्या जगाने पाहिली. ऊसतोड्याच्या कोपीपासून राफेलच्या चाकापर्यंत एकच लिंबू पोहोचते, ही समता विचार करण्याजोगी आहे.

यातील वनस्पतींशी आमचे भांडण नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. खोकल्याला अडुळसा, सूजलेल्या सांध्याला निर्गुडीचा शेक, धान्यात कीड होऊ नये म्हणून कडुनिंबाचा पाला, हे शहाणपण आमच्या आयाबहिणींनी पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे. त्याची टवाळी करणाऱ्याला आम्ही शहाणा म्हणणार नाही. संत ऑगस्टीन यांनी ख्रिस्ती शिकवणीवरील आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात या प्रश्नाचा जो निवाडा केला आहे, त्याहून नेमका निवाडा आमच्या वाचनात नाही. ते म्हणतात त्याचा आशय असा: या पाल्याचा रस प्यायल्यास पोट दुखायचे थांबेल, असे म्हणणे ही एक गोष्ट, हा पाला गळ्यात बांधल्यास पोट दुखायचे थांबेल, असे म्हणणे ही अगदी दुसरी. पहिल्यात उपयुक्त उपाय आहे, दुसऱ्यात संशयास्पद खूण आहे. सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतील एका महागुरुस्वामींनी आखलेली ही रेघ आजही कासारसाईच्या चाळीतून सरळ जाते. पोटात घेतलेले औषध तपासता येते. तपासल्यावर कधी ते उपकारक ठरते, कधी अपायकारकही: बाळगुटीत उगाळल्या जाणाऱ्या वेखंडातील एका द्रव्याने प्रयोगातील उंदरांना गाठी झाल्याचे दिसले, म्हणून अमेरिकेने १९६८ साली खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घातली. उपयोग असो वा अपाय, तिथे प्रश्न विचारता येतो आणि उत्तर मिळते. मनगटाला बांधलेल्या वेखंडाला मात्र कोणता प्रश्न विचारणार? बाळ बरे राहिले तर वेखंडाचा गुण. आजारी पडले तर दृष्ट जबर. अशा उपायाचा पराभव कधीच होत नाही, आणि ज्याचा पराभव होऊच शकत नाही त्याच्यापासून सावध राहावे.

जाणत्यांच्या शास्त्राविषयी चार ओळी पुरेत. लिंबू-मिरचीतून दोरा जातो, त्या दोऱ्यातून रस झिरपतो, त्या रसाच्या वासाने डास-किडे दूर राहतात, असा एक मजकूर भ्रमणध्वनीवरून फिरत असतो आणि आमच्या धर्मग्रामातील अभियंते तो आम्हाला मोठ्या आदराने पाठवतात. मग ती माळ शनिवारीच का बदलायची? मिरच्या सातच का? ती वाहनाच्या पुढच्या बाजूलाच का, आणि आत डास असतात त्या न्हाणीघरात का नाही? ज्यांना श्रद्धा ठेवायची आहे त्यांनी ती उघड ठेवावी. तिला विज्ञानाचा उसना अंगरखा घालून आणू नये.

पण ही सारी वरवरची चर्चा झाली. निरुपद्रवी विरंगुळा, हा जो दुसऱ्या पक्षाचा मुख्य मुद्दा, त्याकडे वळू. लिंबू निरुपद्रवी आहे हे खरे. पण ते कशासाठी टांगले? दृष्ट लागू नये म्हणून. दृष्ट कुणाची? दृष्ट आकाशातून पडत नाही, ती कुणाच्या तरी डोळ्यांतून येते. मीठमोहऱ्या आणि मिरच्या ओवाळताना आजी जे पुटपुटते ते नीट कान देऊन ऐकावे: आलेल्याची, गेलेल्याची, घरच्याची, दारच्याची, अशी ती नावे न घेता सर्वांची हजेरी घेते. म्हणजे दारावर टांगलेले प्रत्येक लिंबू ही एक फिर्याद आहे. आरोपीच्या नावाची जागा तेवढी कोरी सोडलेली असते; आणि मूल आजारी पडले, म्हैस आटली, नोकरी गेली, की ती जागा भरली जाते. ती भरताना गावातील धनदांडग्याचे नाव कुणी लिहीत नाही. तिथे विधवेचे नाव येते, मूल नसलेलीचे येते, नवऱ्याने टाकलेलीचे येते.

आमच्या डोळ्यांसमोर घडलेली हकीकत सांगतो. माणसे ओळखू येऊ नयेत इतकेच सांगतो. त्या रस्त्यावरील एका चाळीत आपली दोन कुटुंबे शेजारी-शेजारी राहत. एका घरी तीन महिन्यांचे बाळ. दुसऱ्या घरी चाळिशीतील एक विधवा. विधवेने एका संध्याकाळी बाळाला मांडीवर घेतले आणि काय गोरेपान लेकरू आहे म्हणून त्याची हनुवटी धरली. दुसऱ्या दिवसापासून बाळ दूध घेईना. मनगटाला वेखंड बांधलेलेच होते. त्यात बिब्ब्याची भर पडली. मिरच्या ओवाळून विस्तवात टाकल्या, त्यांचा ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट फार कडक, असे ठरले. नाव कुणी उच्चारले नाही. मात्र ओवाळलेले लिंबू सकाळी त्या विधवेच्या उंबऱ्यासमोर सापडले. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी बाळाच्या तोंडात पाहिले. जिभेवर पांढरा बुरा आला होता, दुसरे काही नव्हते. औषधाच्या थेंबांनी चार दिवसांत बाळ पुन्हा दूध पिऊ लागले. बाळाचे तोंड बरे झाले, शेजारणीचे झाले नाही. स्नानसंस्काराच्या जेवणाला सारी चाळ बोलावली गेली, तिला सोडून. तिने मिस्साला येणे थांबवले. आम्ही भेटीस गेलो तेव्हा ती एवढेच म्हणाली, "फादर, मी कुणाच्या लेकराकडे बघू का नको, तेवढं सांगा." दोघीही वर्षानुवर्षे एकाच बाकावर बसून शांतीची खूण देणाऱ्या, आणि दोघींच्या मध्ये एक लिंबू.

हा विरंगुळा आहे काय? हीच वाट पुढे गेली म्हणजे कुठे पोहोचते, ते पाहायचे असेल तर नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या पाड्यांकडे पाहावे, जिथे डाकीण ठरवल्या गेलेल्या स्त्रियांनी मारहाण आणि बहिष्कार सोसला आहे, काहींनी जीव गमावला आहे. चाळीतील लिंबू आणि पाड्यावरील डाकीण यांत अंतर पुष्कळ आहे, मात्र दिशा एकच आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाल्यानंतर ज्या कायद्याचा वटहुकूम निघाला आणि डिसेंबर महिन्यात जो विधिमंडळाने संमत केला, त्या जादूटोणाविरोधी कायद्याने हे नेमके ओळखले आहे. दाराला लिंबू लावणे हा त्या कायद्याने गुन्हा नाही. अमुक व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे रोगराई येते, अशी आवई उठवून तिचे जगणे मुश्कील करणे, हा गुन्हा आहे. डॉक्टर दाभोलकर देव मानत नव्हते; पण शेजारणीवर आळ घेण्यातील पाप त्यांच्या लढ्याने आपल्यापैकी अनेक मिस्सेकऱ्यांपेक्षा स्पष्ट दाखवले, असे म्हणायला आमची जीभ अडखळत नाही.

आपल्या शुभवर्तमानाकडे यावे. संत मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू माणसाला विटाळणाऱ्या गोष्टींची यादी देतात. बाहेरून आत जाणारे काही माणसाला विटाळवीत नाही, अंतःकरणातून बाहेर येणारे विटाळवते, असा त्या बोधाचा गाभा. त्या यादीत व्यभिचार, चोरी, कपट यांच्या जोडीला मूळ ग्रीकमध्ये 'ऑफ्थाल्मॉस पोनेरॉस', म्हणजे शब्दशः वाईट डोळा, असा शब्द आहे. अनेक भाषांतरकार अर्थ ध्यानी घेऊन तिथे मत्सर किंवा हेवा असे लिहितात. गालीलच्या खेड्यांतही दृष्टीचे भय होतेच. येशूने तो शब्द उचलला आणि त्याचे तोंड फिरवले. दुसऱ्याच्या डोळ्यापासून मी कसा वाचेन, हा गावाचा प्रश्न होता. माझ्या डोळ्यात दुसऱ्याविषयी काय आहे, हा त्याचा प्रश्न झाला. द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यात धनी कुरकुरणाऱ्या मजुराला विचारतो तेव्हा तोच वाईट डोळा पुन्हा येतो: मी उदार आहे म्हणून तुझा डोळा वाईट झाला काय, असा त्या प्रश्नाचा रोख आहे. लिंबू दारावर बाहेरच्या बाजूला लावतात. या शिकवणीप्रमाणे ते लावायचेच असेल तर आतल्या बाजूला, घरमालकाकडे तोंड करून लावावे लागेल.

पहिल्या पक्षातील एका तरुणाला दुसऱ्या पक्षातील एका काकांनी बिनतोड वाटणारा प्रश्न विचारला होता: निर्गमाच्या पुस्तकात एजोबाची जुडी रक्तात बुडवून दाराच्या चौकटीला लावली, ते काय होते? तरुण गप्प बसला. त्याने गप्प बसायला नको होते. त्या रात्री एजोब हे केवळ कुंचल्याचे काम करीत होते; राखणारा परमेश्वर होता. दुसऱ्या वर्षीपासून इस्राएलाने एजोबाच्या माळा करून विकल्या नाहीत, ते कोकरू खाऊन सुटकेची गोष्ट मुलांना सांगू लागले. आणि वनस्पतींच्या जादूवर पवित्र शास्त्राचे मत हवे असेल तर उत्पत्तीच्या तिसाव्या अध्यायातील पुत्रदात्रीच्या फळांची कथा वाचावी. राहेलीने मूल व्हावे म्हणून ती फळे बहिणीकडून सौदा करून मिळवली. फळे राहेलीकडे राहिली आणि गर्भ राहिला लेआला. राहेलीला मूल झाले ते पुढे, देवाने तिची आठवण केली तेव्हा. शास्त्रकर्ता गालातल्या गालात हसतो आहे, असे आम्हाला तरी वाटते.

आता अधिक कठोर विषय. कावीळ झालेल्याच्या डोक्यावर वनस्पतीच्या काड्यांची माळ घालतात. सकाळी ती डोक्याला जेमतेम बसते, आणि दिवसागणिक लांबत गळ्यावर, मग छातीवर येते. जसजशी माळ उतरते तसतशी कावीळ उतरते, असे सांगतात. जोडीला हातांना कसलासा रस चोळून चुन्याच्या पाण्यात धुतात. पाणी पिवळे होते, म्हणजे कावीळ निघाली. माळेचे रहस्य अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव उलगडून दाखवले आहे: ओल्या काड्यांचे तुकडे खास प्रकारच्या सैल गाठींत गुंफलेले असतात, काड्या सुकून आकसल्या की गाठी ढिल्या होतात आणि दोरा लांबतो. तीच माळ खिळ्याला टांगली तरी लांबते, आणि खिळ्याला कावीळ झालेली नसते. पिवळे पाणी म्हणजे आंब्याच्या सालीचा रस आणि चुना यांचा मिलाफ. तरीही लोक बरे होतात, हे खरे; कारण दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते, आणि तिचे श्रेय माळ घेऊन जाते.

बहुतेकांची, सर्वांची नव्हे. हेपॅटायटिस ई या प्रकारची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली, तर शंभरातील २० ते २५ स्त्रिया दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. याच पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने त्या विषाणूचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. म्हणजे ज्ञान आमच्या दारातून तासाभराच्या अंतरावर होते. आठवा महिना लागलेल्या एका सुनेला सासरच्यांनी माळ घातली आणि पाच दिवस तिच्याकडे कौतुकाने पाहत राहिले. सहाव्या दिवशी ती बरळू लागली तेव्हा गाडी शोधली. आम्ही अंत्यविधीला उभे राहिलो तेव्हा तिच्या सासूने आम्हाला जे सांगितले ते आम्ही विसरू शकलेलो नाही: "माळ तर छातीपर्यंत उतरली होती हो, फादर." त्या माउलीला आम्ही दोष देत नाही. तिने आपल्या परीने प्रेमच केले होते. दोष त्याचा, ज्याने पैसे मोजून घेतले आणि सरकारी दवाखान्याची वाट सांगितली नाही. आणि त्यांचा, जे शिकूनसवरून त्याला निरुपद्रवी म्हणतात. साप, विंचू वा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. काविळीचे नाव त्या कलमात असते तर बरे झाले असते.

राहिला पहिला पक्ष, आमच्या तरुणांचा. बाळांनो, तुमच्या आधीही कुणीतरी तुळस उपटली आहे. गोव्याच्या इन्क्विझिशनने १४ एप्रिल १७३६ रोजी एक फर्मान काढले. त्यात ख्रिस्ती लोकांनी घराच्या आवारात तुळस ठेवू नये, असेल ती उपटावी, असे फर्मावले होते. लग्नातील हळद, पानसुपारी, फुले यांवरही बंधने होती. प्रा. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तो इतिहास मांडला आहे. आपल्या मंडळाने तो एकदा वाचावा. तुळस उपटून मनातील भय गेले नाही, त्यात फर्मानाच्या भयाची भर पडली एवढेच. आणि याच गोव्यात १५६३ साली गार्सिया द ओर्ता या वैद्याने इथल्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ छापला होता; वनस्पतीला भिण्याऐवजी तिला प्रश्न विचारणारा तो माणूस. त्याच्या मृत्यूनंतर १५८० मध्ये त्याच इन्क्विझिशनने, तो गुप्तपणे यहुदी धर्म पाळत होता म्हणून, त्याची हाडे उकरून जाळली. अशा वारशाचे वारस होण्याची घाई आपण करू नये.

शिवाय आपल्या स्वतःच्या भिंतीकडेही पाहावे. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेली झावळी क्रुसामागे खोचली जाते ती कशासाठी? जेरुसलेमच्या वेशीवर गाढवीच्या शिंगरावरून आलेल्या राजाची आठवण म्हणून, असे धर्मशिक्षणाचा वर्ग सांगतो; वीज पडू नये म्हणून, असे घर सांगते. मोटारीच्या आरशाला जपमाळ आणि बंपरला लिंबू-मिरची, अशी दुहेरी सोय केलेली वाहने आमच्या चर्चच्या आवारात दर रविवारी उभी असतात. युरोपही यातून सुटलेला नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया, पोलंड येथे १५ ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, वनस्पतींच्या जुड्या आशीर्वादित करण्याची जुनी चाल आहे, आणि त्या जुड्या विजेपासून व रोगापासून राखतात असा तिकडच्या खेड्यांचाही समज होता. ज्या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी पुण्या-नगरकडील मिशन उभे केले, ज्यांच्यापैकी फादर डोरिंग यांनी १९०३ मध्ये 'निरोप्या' सुरू केला, ते अशाच मुलखातून आले होते. चर्चने ती चाल मोडली नाही, तिला प्रार्थनेत बसवले आणि सांगितले की आशीर्वाद म्हणजे देवाचे आभार. १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथात गंडे-ताईत बाळगणे निषिद्ध म्हटले आहे. त्याच ग्रंथात असेही म्हटले आहे, की आंतरिक वृत्ती सोडून प्रार्थनेच्या व पवित्र चिन्हांच्या केवळ बाह्य उच्चार-आचारावर भिस्त ठेवणे हीदेखील अंधश्रद्धा होय. पहिले वाक्य तरुणांना पाठ आहे. दुसरे त्यांनी अजून वाचलेले दिसत नाही.

तेव्हा या वर्षी आमच्या धर्मग्रामात पुढीलप्रमाणे होईल. उपटलेल्या दोन्ही तुळशी मंडळाच्या मुलांनी त्या घरी नेऊन पुन्हा लावून द्यायच्या आहेत, आणि उरलेल्या उत्साहासाठी त्यांना काम आहे: कासारसाईच्या कोपींत व चाळींत कावीळ झालेली गरोदर बाई दिसली, की तिला विनाविलंब औंधच्या जिल्हा रुग्णालयात पोहोचवायचे, गाडीच्या पेट्रोलचा खर्च धर्मग्राम देईल. झावळ्यांच्या रविवारी माणशी एकच झावळी मिळेल, मोटारीसाठी वेगळी मागू नये, आणि ती झावळी पुढल्या राखेच्या बुधवारापूर्वी जाळण्यासाठी परत आणून द्यावी. घराला आशीर्वाद द्यायला आम्ही येऊ तेव्हा दारावरील लिंबाला हात लावणार नाही. ते कुणासाठी लावले आहे, एवढे विचारू. आणि ज्या शेजारणीचे नाव निघेल, तिला बोलावून आणल्यावरच प्रार्थनेला आरंभ करू.